मच्छरदाणीचा सारस

आमच्या ड्रेपरीवाल्या चाचांनी आयुष्यात जितके राजे घडवले, तितके कोणत्याही राजघराण्याला घडवता आले नसतील. वडशाच्या बाजारओळीतल्या त्यांच्या दुकानात खिळ्याखिळ्याला एक राजा टांगलेला असे. त्याच्या शेजारी सेनापती, सेनापतीच्या बाहीत बाही अडकवून एखादी विधवा, आणि कोपऱ्यात शिवणमशीन खडखडवत बसलेले चाचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडईची जत्रा आणि बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात, आणि तिथे नाटक नसेल तर पाहुणे जेवून न बोलता निघून जातात. या सगळ्या नाटकांचे कपडे, म्हणजे ड्रेपरी, पुरवायचं काम चाचांचं. मी दिवसा शाळेत चित्रकला शिकवी आणि दिवाळी ते होळी खलनायक असे. त्यामुळे वर्षातले चार महिने माझी अब्रू चाचांच्या बटणांवर अवलंबून होती, आणि त्यांची बटणं ऐन मारामारीत तुटत.

माणसाकडे पाहिलं की आपल्याला त्याचा चेहरा दिसतो. चाचांना माप दिसे. नाव कधी लक्षात राहत नसे, छाती राहत असे. "तो बेचाळीसवाला येऊन गेला," असं म्हटलं की आम्ही समजायचो, तहसील कचेरीतले मोठे बाबू. एकदा एका दांडग्या शेतकऱ्याच्या अंत्ययात्रेत माझ्या शेजारून चालता चालता त्यांनी तिरडीकडे पाहिलं, आणि माझ्या कानात म्हणाले, "चव्वेचाळीस छाती, भाऊ. सेनापती झाला असता. धान लावण्यात जिंदगी गेली." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं, म्हणून मी तोंडावर रुमाल धरून हसलो. थंडीच्या दिवसांत ते भाजी घ्यायला जात ते सेनापतीचा कोट घालून, छातीवर पत्र्याची पदकं लटकवून. भाजीवाली म्हणे, "चाचा, लढाई जिंकली का?" आणि चाचा गंभीरपणे सांगत, "वांगे कसे देल्ले ते सांग, मंग ठरवू." ट्रंक भरताना मात्र त्यांचा एक नियम होता. राजाचे कपडे खाली आणि भिकाऱ्याचे वर. मी एकदा कारण विचारलं. "राजा वजन सहन करते भाऊ, जरीचा असते. भिकाऱ्याले काऊन दाबायचं? तो पयलेच फाटला आहे."

त्या काळात नक्षलवाद्यांच्या भीतीमुळे आमच्या जिल्ह्यात ट्रंक घेऊन फिरणं सोपं नव्हतं. जंगलातल्या नाक्यावर आमची मॅटॅडोर रोज अडवली जाई. एका संध्याकाळी नव्या जमादाराने चाचांची ट्रंक उघडली, आणि वरचा भिकारी बाजूला सारताच खालून खाकी वर्द्या निघाल्या, एक-दोन नव्हे, अख्खी तुकडी. त्याखाली लाकडी बंदुका. आम्हा सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं. मी खलनायक असल्याने माझा चेहरा आधीच संशयास्पद होता; त्यात मिशी रंगवलेली. चाचा पुढे गेले, एक वर्दी उचलली आणि जमादाराच्या नाकासमोर उलटी करून धरली. "साहेब, हे शिवण पाहा. कच्ची टीप आहे. हात वर केला का काखेत उसवते. असली वर्दी घालून कोणी खरी बंदूक उचलन का?" जमादाराने हात वर करून पाहिला नाही, पण शिवण नीट पाहिली, आणि त्याचा चेहरा बदलला. निघताना चाचांनी त्याला सांगून टाकलं, "तुमची चाळीस आहे. ढिली घालून राह्यले तुम्ही." पुढच्या हप्त्यात तो जमादार स्वतःची वर्दी आवळून घ्यायला दुकानात आला.

पण चाचांविषयी बोलायचं आणि चाचींविषयी नाही, हे अशक्य. तरुणपणापासून चाची सिझनभर चाचांबरोबर फिरत. रंगमंचाच्या मागे, पडद्याच्या पाठीला, रिकाम्या ट्रंकेवर त्या बसत. समोर पब्लिकमध्ये बसणं घरच्या रीतीत नव्हतं. म्हणजे या बाईंनी आयुष्यभर नाटकं ऐकली. एकही समोरून पाहिलं नाही. आणि कान असे की आमच्या दिग्दर्शकापेक्षा आम्हाला चाचींची भीती. प्रवेश संपवून घाम पुसत आत यावं, तर ट्रंकेवरून आवाज येई, "आज तुम रोये नई भाऊ, खाली आवाज निकाला." आणि ते खरंच असे. पब्लिक रडत असेल तेव्हा मात्र त्या मान खाली घालून ते रडणं ऐकत राहत. एकदा म्हणाल्या होत्या, "एक बार सामने से देखने का है. इतने सारे लोग एकसाथ रोते तो कैसे दिखते होंगे?"

मग एका पावसाळ्याच्या शेवटी चाचींना मेंदूचा हिवताप झाला. आमच्याकडे हिवताप पाहुण्यासारखा दरसाल येतो. हा मात्र घर बळकावायला आला होता. बरेच दिवस त्या कोणाला ओळखत नव्हत्या. कुनैनची इंजेक्शनं देऊन डॉक्टरांनी जीव वाचवला. पण त्या घरी आल्या तेव्हा कान गेले होते. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. मग एक दिवस चाचांनी त्यांच्या मागे उभं राहून ट्रंकेचं झाकण धाडकन पाडलं, आणि चाची शांतपणे तांदूळ निवडत राहिल्या. हे मला चाचांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. दोरा जात नव्हता.

त्या सिझनला चाची घरीच राहिल्या. चाचा सकाळी परत येत आणि रात्रभराचं नाटक त्यांना हातवाऱ्यांनी करून दाखवत. राजा म्हणजे डोक्यावर तांब्या, सून म्हणजे डोक्यावर टॉवेल. चाची चिडत. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही, त्यामुळे त्यांचं भांडण आता आख्ख्या बाजारओळीला ऐकू जाई. "रातभर का नाटक और तुम चार हात हिला के बस करते! किसने किसको मारा, वो तो बताओ!" ओळीतले दुकानदार हसत. चाचा टॉवेल डोक्यावरून काढून मशीनवर बसत, आणि त्या दिवशी खडखडाट जरा जोरात होई.

अशात एका रविवारी चाचा-चाची आमच्या घरी आले असताना टीव्हीचा आवाज गेला. चित्र होतं, आवाज नव्हता. कुठल्याशा परदेशातला नाच चालू होता, पांढरे घेरदार फ्रॉक घातलेल्या बायका पायाच्या अंगठ्यांवर तरंगत होत्या. खाली लिहून आलं म्हणून कळलं, याला बॅले म्हणतात. तिकडची एक जुनी लोककथा आहे. ऐकू येणारे आम्ही सगळे कंटाळून उठलो. चाची मात्र शेवटपर्यंत हलल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना गोष्ट सांगितली. कोणावर जादू झाली, कोण फसला, कोणी कोणासाठी पाण्यात उडी घेतली. सगळी, न चुकता. मग पदराने डोळे पुसून मोठ्याने म्हणाल्या, "बिचारी!" चाचा त्यांच्याकडे पाहत होते. मला म्हणाले, "भाऊ, आपल्याले ब्याले करा लागते."

झाडीपट्टीच्या माणसाने शब्दाशिवाय नाटक करायचं म्हणजे हलवायाने साखर सोडण्यासारखं. आमची पब्लिक संवादावर जगते. एका वाक्यासाठी वन्समोअर घेते. पण चाचांना पब्लिकचं पडलं नव्हतं. गोष्टही ठरलेली होती, चाचींच्या माहेरच्या गावातली तलावाची गोष्ट. मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, तलाव खोदला, पाणी लागेना. देवाने धाकटी सून मागितली. सून दिवा घेऊन कोरड्या तलावात उतरते. पाणी घोट्याला येते, ती सासऱ्याला हाक मारते. गुडघ्याला येते, सासूला. कमरेला येते, नवऱ्याला. कोणी ओ देत नाही. चाची ही गोष्ट आपल्या मुलांना सांगत तेव्हा अख्खं घर रडे, असं चाचा सांगत. "तिच्याच गावच्या मंडईत करू. तिले समोर खुर्ची देऊ, अशी तिरपी, का इकडे स्टेज दिसन अन् तिकडे पब्लिक. तिले आयकू नाई येत, पण लोक रडताना तर दिसतीन ना?" बस, एवढंच त्यांना हवं होतं. लोक रडले पाहिजेत, आणि ते तिला दिसलं पाहिजे.

गोष्टीचा शेवट त्यांनी थोडा बदलला, तो कलेसाठी नव्हे. कोरड्या फळ्यांच्या स्टेजवर माणूस बुडवता येत नाही, म्हणून सून बुडाल्यावर तिचा पक्षी होतो असं ठरलं. टीव्हीवरच्या नाचात राजकन्येचा हंस झाला होता. चाचा म्हणाले, "हंस कोणं पाह्यला इथी? सारस करू. सारस नाचतेही." शिवाय सारस राखाडी-निळसर, आणि सरकारने घरोघर वाटलेल्या औषधी मच्छरदाण्या नेमक्या त्याच रंगाच्या होत्या. फाटक्या मच्छरदाण्यांचा ढीग चाचांनी गावोगावहून गोळा केला आणि त्यांचे फ्रॉक शिवले, घेरावर घेर, आत तार. त्या फ्रॉकच्या औषधाने तालमीत डास मरत आणि नाचणारे शिंकत. ज्या डासाने चाचींचे कान नेले, त्याच्याच जाळीत चाचा रोज टाके घालत होते.

नागपूरहून आलेल्या नायिकेने फ्रॉकला लांबूनच नमस्कार केला. मग सून कोण? चाचा चाचींच्या माहेरच्या गावातच गेले आणि तिथल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, बाईचं काम करणारा नाच्या घेऊन आले. चाळिशीचा, धानाची शेती, पोटऱ्या सागाच्या, मिशी जाड. "मिशी उतरवतो," तो म्हणाला, "पण आंगठ्यावर चालाचं काय मोठं? रोवणी करताना चिखलात आमी आंगठ्यावरच राह्यतो." आणि खरंच, तो राहिला. चाचांनी त्याला कॅनव्हासच्या बुटात कापूस आणि कॉलरमधलं जाड कापड ठासून दिलं होतं. पहिल्यांदा तो त्या बुटांवर उभा राहून हात पसरून वळला, तेव्हा दुकानातले टांगलेले राजेसुद्धा बघत असल्यासारखं वाटलं. मी मालगुजार. मला एकच दुःख होतं. खलनायकाला हसायला बंदी होती. वीस वर्षं ज्या हसण्यावर मी पोट भरलं, ते पोटातच ठेवायचं.

आणि इथेच आमची झाडीपट्टीची खोड नडली. आमच्याकडे तालीम म्हणजे पानसुपारी. नट चार दिशांनी संध्याकाळी येतात, तोंड रंगवतात आणि उभे राहतात. अख्खं नाटक प्रॉम्प्टर सांगतो. स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसून तो आधी वाक्य म्हणतो, मग नट म्हणतो. पब्लिकला दोन्ही ऐकू येतं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. प्रॉम्प्टर नसेल तर आमचा नट स्वतःचं नावही सांगू शकत नाही. मंडईच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी हात टेकले. पाऊल कोणतं, केव्हा वळायचं, कोणाच्याच लक्षात राहीना. कंपनीचा जुना प्रॉम्प्टर म्हणाला, "चाचा, मी सांगतो. हळू सांगतो." चाचा म्हणाले, "अरे, मुका खेळ आहे!" प्रॉम्प्टर म्हणाला, "मी कुठी खेळात आहो? मी तर खड्ड्यात आहो." हे पटलं, यावरून आमची कोणाची बुद्धी कुठे होती ते कळेल.

मंडईची दुपार. तलावाच्या पाळीखाली फळ्यांचा स्टेज, समोर गाव आणि गावाचे सगळे पाहुणे. चाची नवी साडी नेसून तिरप्या खुर्चीत. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजच्या पुढे. ऑर्गन सुरू झाला, पडदा वर गेला. नाच्या मच्छरदाणीत, अंगठ्यांवर, हातात दिवा. पब्लिक श्वास रोखून बसली. आणि मग खड्ड्याच्या अगदी वर नेहमीप्रमाणे लटकवलेल्या माइकमधून, चारी भोंग्यांतून, तलावावरून घुमत आवाज आला:

"सूनबाई, डावा पाय! डावा! तुमचा डावा, माझा नाई!"

माइकवाला पाळीवर भजी खायला गेला होता. आपला आवाज भोंग्यातून जातोय हे प्रॉम्प्टरच्या लक्षातच आलं नाही; रोजच्या खेळात तो तसाच घुमे, त्याला सवय होती. "पाणी घोट्याले आलं. घाबरा. अजून घाबरा! सासऱ्याकडे पाहा. सासरा तिकडे नाई, तो बैल आहे!" पब्लिक आधी चमकली, मग फुटली. "गुडघ्याले पाणी! मालगुजार, हसू नका. हसू नका म्हणतो ना, तुमाले हसाचं नाई!" मी हसत होतो हे मला तेव्हा कळलं. "कमरेले! फ्रॉक वर करा. इतका नाई!" लोक एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. बाया पदराचे बोळे तोंडात कोंबून डोळे पुसत होत्या, म्हातारे दुपट्ट्यात तोंड लपवून हुंदके देत होते. आणि त्या सगळ्यात तो नाच्या, शिंकत, घामाने भिजत, एकही पाऊल न चुकवता नाचत होता. सून बुडाली, मच्छरदाणीचे पंख उघडले, सारस अंगठ्यावर उभा राहिला. मी खरं सांगतो, कानात बोटं घातली असती तर त्यासारखं देखणं काही त्या तलावाने पाहिलं नसतं.

विंगेत चाचा उभे होते, गळ्यात टेप. त्यांचा चेहरा मी पाहिला. एवढा रिकामा चेहरा कोणत्याही मापात बसणारा नव्हता. ते खड्ड्याकडे धावायला निघाले, आणि थांबले. चाची खुर्चीतून उठल्या होत्या. त्या स्टेजकडे पाहत नव्हत्या. पब्लिककडे पाहत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्या चाचांकडे वळल्या, आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, बेसावध आवाजात, सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"देखे क्या जी? मेरा पूरा गाव रो रहा!"

भोंगे थांबले. प्रॉम्प्टर खड्ड्यातून वर बघत राहिला. हसणं जागच्या जागी थांबलं. चाचांनी चाचींकडे पाहून मान हलवली, हो. आणि मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने, जी आत्तापर्यंत सगळ्यांत जास्त हसत होती, पदर पुन्हा डोळ्यांना लावला. तिच्या शेजारणीने लावला. रांगेमागून रांग, सगळं गाव डोळ्यांना कापड लावून बसलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. ऑर्गनवाल्याने उगाच एक सूर धरून ठेवला.

पुढे चाची जिथे जात तिथे लोक त्यांना हाताने डोळे पुसल्याची खूण करून दाखवत, म्हणजे काय खेळ केला तुमच्या चाचांनी! चाची खूश होऊन मान डोलवत. वडशाच्या बाजारओळीने, जिच्या पोटात साधी भांडणं एक दिवस राहत नाहीत, ही गोष्ट चाचींपुरती शेवटपर्यंत पोटात ठेवली. हा शेवट फार लांब नव्हता. दोनेक पावसाळ्यांनी हिवताप पुन्हा आला, आणि या वेळी कानांवर थांबला नाही.

चाचांनी पुन्हा ब्याले केला नाही. सिझन चालू राहिला, मग हळूहळू नागपूरहून तयार, चमचमती ड्रेपरी येऊ लागली आणि खिळ्यांवरचे राजे एकेक करून उतरले. तलावाची गोष्ट मात्र त्या भागात आता वेगळीच सांगतात. मी परवा-परवा रोवणीच्या वेळी बांधावर बसून एका बाईकडून ती ऐकली. सून तलावात उतरते, घाबरते, पाऊल उचलत नाही. तेव्हा आभाळातून आवाज येतो, "डावा पाय टाक, माय," आणि ती टाकते, आणि तिचा सारस होतो. मी विचारलं, "हा आभाळातला आवाज कधीपासून आला?" ती म्हणाली, "जुनीच गोष्ट आहे जी. माह्या आजीपासून." तिची आजी त्या दुपारी पहिल्या रांगेत असावी. सारस आता त्या तलावावर येत नाहीत, गोष्टीत तेवढे उरले आहेत.

चाचांना हे सांगायला मी गेलो. दुकानात मशीन होतं आणि चाचा, बाकी भिंत. मी आभाळातल्या आवाजाचा किस्सा रंगवून, प्रॉम्प्टरचा आवाज काढून सांगितला. त्यांना हसू आलं, ते थोडा वेळ राहिलं, आणि गेलं.

"भाऊ," ते म्हणाले, "त्या दिवशी लोक रडले होते नाई का?"

आयुष्यभर खोटं बोलण्याचे पैसे घेतलेला माणूस मी, मशीनवरची दोऱ्याची रीळ सरळ करत म्हणालो,

"रडले, चाचा."

"मले मधात वाटे, हसून राह्यले होते." त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. "पण तिनं समोरून पाह्यलं ना. मी तर विंगेत होतो. तिनं पाह्यलं म्हंजे रडलेच असतीन."

चाक त्यांनी फिरवलं नाही. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती समोरच्या एका रिकाम्या खिळ्याला टांगली.